अज्ञान ग्राहक

दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका गृहस्थांनी नवा मोबाइल घेण्याचा निर्णय पूर्ण शुद्धीवर असताना घेतला होता, हे आधीच नमूद केलेले बरे. लोक त्यांना कवळीवाले म्हणत. त्यांचा जुना फोन बोलता बोलता गप्प होई. अशाच एका गप्पपणात दंतवैद्याने सांगितलेले माप अर्धवट ऐकू आले आणि एका बाईंचे तोंड कवळी बसवल्यावर मिटेना. तेव्हा कवळीवाले कंपनीच्या दुकानात गेले आणि 'ग्राहक उन्नती योजने'खाली जुना फोन देऊन नवा घेऊन आले.

नवा फोन उघडला की पडद्यावर अस्वलाचे पिल्लू येई आणि हात हलवी. कोणालाही फोन लावायला गेले की ते म्हणे, "आधी आईबाबांना विचार."

कवळीवाले परत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले आणि सगळे अगदी नियमानुसार झाल्याचे सांगितले. योजना फोनच्या उन्नतीची नव्हतीच, ग्राहकाच्या उन्नतीची होती. जुना ग्राहक बंद करून त्यांना नवा ग्राहक करण्यात आले होते आणि नव्या ग्राहकाची जन्मतारीख खरेदीच्या दिवसाची पडली होती.

"म्हणजे मी तान्हा आहे?" कवळीवाल्यांनी विचारले.

"तान्हा असं काही नसतं, सर. सिस्टीममध्ये दोनच प्रकार. सज्ञान आणि अज्ञान. तुम्ही अज्ञान आहात."

तारीख दुरुस्त करा, असे ते म्हणाले. दुरुस्ती ग्राहकाने मागायची असते. पण ग्राहक अज्ञान असेल तर त्याच्या आईवडिलांनी. आईवडील केव्हाच वारले, असे त्यांनी सांगितले. मुलीने तेही भरून पाहिले. बाळाच्या जन्माआधी वडील गेले, हे संगणकाने दुःखद म्हणून मान्य केले. आई जन्माआधी गेली, हे मान्य करायला तो काही केल्या तयार होईना. त्याचे तरी काय चुकले?

मग बायकोच्या फोनवरून ग्राहक सेवा केंद्र गाठले. पलीकडचा माणूस अत्यंत प्रेमळ होता, कारण अज्ञान ग्राहकांशी प्रेमाने बोलावे असा तिथे दंडक होता. कवळीवाल्यांनी सगळी हकीकत सांगून आपण साठी ओलांडल्याचे कळवले.

"हो का?" तो म्हणाला. "शहाणं गं ते बाळ. आता मोठ्या माणसाला फोन दे बघू."

त्यांनी निमूटपणे फोन बायकोला दिला.

इकडे धंदा बसला. दंतवैद्यांचे फोन लागेनात. तयार कवळ्या कपाटात हसत पडून राहिल्या. एका निवृत्त न्यायाधीशांना स्वतःच्याच सत्काराला दातांवाचून जावे लागले. ते सभेत नुसती मान हलवत बसले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांच्या अर्थपूर्ण मौनाची स्तुती केली. कवळीवाल्यांना मात्र जेवण जाईना. इतकी वर्षे गावाला दात पुरवणाऱ्या माणसाला संगणकाने बोळका ठरवले होते.

शेवटी त्यांची स्वतःची मुलगी धावून आली. ती महाविद्यालयात शिकवत असे आणि नियमांना घाबरत नसे. आईवडील हजर नसल्यास सज्ञान नातेवाईक पालक होऊ शकतो, हे तिने शोधून काढले आणि दुकानात जाऊन ती आपल्या वडिलांची पालक झाली. फोन तत्काळ सुरू झाला. वडिलांचे डोळे भरून आले.

आता जन्मतारीख दुरुस्त करायची तेवढी राहिली होती. पण त्याआधीच मुलीच्या फोनवर निरोप आला, 'आपला पाल्य बेकरीत आहे.' पाल्याला मधुमेह होता आणि तो घरी फिरायला जातो म्हणून सांगून निघाला होता. मुलीने बेकरीवाल्याचा नंबर बंद केला. मग पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या मित्राचा केला. मग रात्री जेवणानंतर फोनच बंद होईल अशी सोय केली. घरात शांतता नांदू लागली, असे तिच्या आईचे मत पडले.

एके दिवशी कंपनीचा व्यवस्थापक स्वतः घरी आला. त्याने हात जोडून दिलगिरी व्यक्त केली. तारीख दुरुस्त झाली होती. पालकाने फक्त 'हो' म्हणायचे होते, की ग्राहक सज्ञान.

मुलगी फोन पर्समध्ये टाकून मोकळी झाली. मग म्हणाली, "सगळं नीट चाललंय की, बाबा. कशाला घाई?"

"अगं, पण मी तुझा बाप आहे," ते हळूच म्हणाले.

"शाळेत असताना माझा फोन तुम्ही रोज तपासायचात. मी काही म्हटलं होतं?"

कवळीवाल्यांनी आशेने बायकोकडे पाहिले आणि बोलायला तोंड उघडले.

"अहो, थांबा जरा," बायको म्हणाली. "मोठी माणसं बोलतायत ना?"

व्यवस्थापक विचारात पडून परतला. आता त्याला बढती मिळाली आहे आणि 'ज्येष्ठ पाल्य योजना' रीतसर सुरू झाली आहे. दुकानाबाहेर कर्त्या मुलामुलींची रांग लागलेली असते. आईवडिलांच्या काळजीपोटी तुम्हीही एकदा चौकशी करून याल, याबद्दल कंपनीला शंका नाही. काम सोपे आहे. शेवटी काउंटरवरची मुलगी तुमच्या मुलांची नावे तेवढी विचारून घेते. ती कशाला, असे विचारू नये. वेळ आली की मुलेच सांगतील.