साहेब कट म्हणेपर्यंत

सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी, शॉट चालू असताना, दिग्दर्शक साहेब खुर्चीवरून खाली कोसळले. कॅमेऱ्यासमोर पलंगावर प्रेत होऊन पडलेल्या मयतरावांना फक्त धप्प असा आवाज आला.

मयतराव हे त्यांचं सेटवरचं नाव. अकरा सिनेमांत त्यांनी अकरा प्रेतं केली होती, सगळी तोंडावर चादर ओढून. या बाराव्या सिनेमात त्यांचा चेहरा उघडा ठेवला तो याच साहेबांनी, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा. ताकीद एकच होती, साहेब कट म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलता कामा नये. काल पापणी हलली म्हणून आधीच्या प्रेताला त्यांनी घरी पाठवलं होतं. आणि साहेबांच्या सेटवर कट म्हणायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती.

तेव्हा मयतराव पडून राहिले. धावपळ झाली, कुणीतरी पाणी मागितलं. नटांचे खरे भाव यावेत म्हणून साहेब मधूनच असा गोंधळ घडवून आणत. मयतरावांना वाटलं, ही आपली परीक्षा.

शेजारचे डॉक्टर धावत आले. निळ्या ओठांचा माणूस पलंगावर दिसताच त्यांनी त्याचंच मनगट धरलं.

"नाडी तर ठणठणीत आहे."

"अहो, तो नकली आहे," मेकअपवाली म्हणाली. "आमचे साहेब इकडे, जमिनीवर."

डॉक्टर तिकडे वळले. "गेले," असं ते म्हणाले, पण इतकं हळू, की मयतरावांना वाटलं, साहेब कुठेतरी बाहेर गेले. मग मेकअपवालीचा हुंदका आला. आपल्या अंगावर पडून रडणाऱ्या नट्या त्यांनी खूप ऐकल्या होत्या. हा हुंदका त्यातला नव्हता.

तरी ते हलले नाहीत. शेवटी साहेबांचा सहायक शेजारी येऊन बसला.

"उठा, काका."

"कट म्हटलं का कुणी?" मयतरावांनी ओठ न हलवता विचारलं.

"आता कोण म्हणणार?"

तेव्हा कुठे कॅमेरामनच्या लक्षात आलं, की कॅमेरा अजून चालूच आहे.

दुपारी एडिटरने शॉट पाहिला. साहेबांचा शेवटचा शॉट. पापणी कुठे हललेली नाही. पण सहाव्या मिनिटाला प्रेताच्या मिटल्या डोळ्यातून एक थेंब निघतो आणि सावकाश कानाकडे जातो. निर्माता म्हणाला, काढून टाका, लोक हसतील. एडिटर म्हणाला, काढतो, पण पुन्हा घेणार कोण? दोघांनी तो परत पाहिला. मग आणखी एकदा.

संध्याकाळी सहापर्यंत काहीही ठरलेलं नव्हतं.