पिस्तुलातलं कुंकू

दत्तूआप्पांकडे पिस्तूल दुरुस्तीला नेलं, की आधी शिव्या मिळतात, मग परीक्षा होते आणि जमलंच तर दुरुस्ती. फौजेत चोवीस वर्षं ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. आता उंब्रजहून रोज कराडला जाऊन परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानात बसतात. तिळाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून नाकापुढं नाचवायची आणि विचारायचं, "ह्येचं काम काय?" उत्तर चुकलं की पिस्तूल परत पिशवीत. हाच प्रश्न त्यांनी एकदा ग्रामसभेत सरपंचांकडे बोट करून विचारला होता.

त्यांचा खरा वैरी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे विळ्या-कोयत्यांबरोबर परवान्याचं पिस्तूलही पाटावर मांडतात. हळद-कुंकू आणि वर नारळाचं पाणी. मग दसऱ्यानंतर आठवडाभर आप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. त्यांच्या बायको, आमच्या काकू, होत्या तोवर तो घरापासूनच सुरू व्हायचा, कारण त्या दरवर्षी आप्पांच्या दुरुस्तीच्या अवजारांना गुपचूप कुंकू लावायच्या आणि आप्पा आरडाओरडा करून पुसायचे. काकू उन्हाळ्यात गेल्या. आप्पांचा राग काही गेला नाही.

यंदा मी सापडलो. फौजेतून आल्यावर बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर मला नोकरी लागली, तीही घरचं परवान्याचं पिस्तूल होतं म्हणून. सोमवारी साहेब हत्यार तपासणार होते. ते चाललं नाही तर नोकरी जाणार होती. आणि माझ्या आईनं त्याची अगदी मनापासून पूजा केली होती.

आप्पांनी ते खोललं. गोळीवर आदळणारी आतली पिन हळदीच्या चिखलात रुतली होती आणि तिची स्प्रिंग गंजली होती.

"सोमवारी गाडीवर आता देवालाच बशीव," ते म्हणाले. तिथून जे सुरू झाले, ते माझी फौज, माझी अक्कल, माझं खानदान असं करत पाऊण तास चालले. पन्नाशीच्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर इतकं बोलतात का? माझंही डोकं फिरलं.

तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पेटीत गेली. नेहमीची लाकडी दांड्याची हातोडी तशीच पडून होती, आप्पा भलत्याच नव्या हातोडीनं काम करत होते. जुन्या हातोडीच्या दांड्यावर कुंकू वाळलेलं. मी ती उचलली, फडकं ओढलं आणि त्यांच्याच तोऱ्यात विचारलं, "आन ह्या कुंकवाचं हितं काम काय?"

आप्पांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नगंस," ते म्हणाले. "गेल्या साली पुसायचं ऱ्हायलं. तिचं बोट हाय त्ये."

मी हातोडी खाली ठेवली. मला माझीच लाज वाटली. मग आप्पांनी नवी स्प्रिंग चिमट्यात धरली आणि हळू आवाजात विचारलं, "ह्येचं काम काय?"

"फुडं गेलेल्या पिनंला माघारी आणायचं."

"बराबर," आप्पा म्हणाले आणि हातोडी पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं.