टेलिव्हिजनचं कूळ

पाणी गाळून प्यावं आणि सोयरीक चौकशी करून जोडावी, याबद्दल जगात दुमत नाही. पाण्याला फडकं लागतं. सोयरिकीला लंकाबाई लागतात.

सोनईच्या लंकाबाई दुसरीपर्यंत शिकल्या (पुढे शाळेनेच हात टेकले). तरीही गेल्या चाळीस वर्षांत भावकीतलं एकही लग्न त्यांच्या चौकशीवाचून झालेलं नाही. प्रश्न अकरा. मूळ गाव, कूळ, देवक, मामाचं गाव, मामाच्या मामाचं गाव, असं करत जायचं. मुलगा काय करतो, हा प्रश्न अकरावा. तिथवर फारसं कुणी पोचत नाही. आजवर आलेली स्थळं दोनशे चौदा, नापास एकशे नव्वद. उरलेल्या चोवीस जोडप्यांपैकी अकरा एकमेकांशी बोलतात (हे प्रमाण उत्तम समजलं जातं).

नात मोनिका सावेडीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिने पसंत केलेला गोरक्षनाथ दुसऱ्याच प्रश्नाला पडला. बाप आपल्यातला, आई परजातीतली.

"अर्धं हिकडचं, अर्धं तिकडचं," लंकाबाई म्हणाल्या. "असलं या उंबऱ्याच्या आत कदी आलं न्हाई आन् येनार बी न्हाई."

"आहे की आतच. घरातल्या वस्तूंची कधी चौकशी केलीस का आजी?"

"कर की गं भवाने! भितेय व्हय मी?"

त्यानुसार रविवारी सकाळी दहा वाजता भावकीसमक्ष कामकाज सुरू झालं. अध्यक्षस्थानी लंकाबाई (खाटेवर). वस्तू हजर करण्याचं काम मुलगा रामहरीकडे. मोनिकाच्या मांडीवर जाडजूड शब्दकोश.

पहिला टेलिफोन. टेलि म्हणजे लांब, फोन म्हणजे आवाज. दोन्ही बाजूंनी ग्रीक. पास.

फोटोग्राफ. फोटो म्हणजे उजेड, ग्राफ म्हणजे लिहिणं, तेही ग्रीक. फोटोत कैलासवासी मालक होते. "ह्यांनी उजेडात काय लिवलं न्हाई, पर घरानं चांगलं," असा शेरा मारून पास.

थर्मास म्हणजे गरम. ग्रीक. पास.

मग शेतावरची नॅनो युरियाची बाटली आली. नॅनो म्हणजे बुटका आणि युरियाचं मूळ मूत, असं मोनिकाने वाचून दाखवताच भावकी खुसखुसली. लंकाबाईंनी हात वर केला. "हसू नगा. मूत असलं तरी घरंदाज हाय. दोन्हीकडनं ग्रीक!" पास.

शेवटी टेलिव्हिजन.

"टेलि म्हणजे लांब. ग्रीक," मोनिका म्हणाली. "व्हिजन म्हणजे बघणं. लॅटिन."

"म्हंजी?"

"बाप ग्रीक, आई लॅटिन."

खाट करकरली. तीस वर्षं हे देवघराच्या शेजारी बसलं होतं. नियम म्हणजे नियम. रामहरीने टीव्ही उचलून ओट्यावर ठेवला, रस्त्याकडे तोंड करून.

त्याचे परिणाम सामाजिकदृष्ट्या हितावह झाले. रोज संध्याकाळी सातच्या मालिकेला अख्खी गल्ली ओट्यासमोर बसू लागली. लंकाबाई तेवढ्या आत, खिडकीशी. मालिकेतल्या सासूवर विषप्रयोग झाला, तो त्यांना टीव्हीच्या पाठीकडून पाहावा लागला. नेमका डॉक्टर बोलू लागला आणि रस्त्याने ट्रॅक्टर गेला.

"जगली का गं?" त्यांनी आतून विचारलं.

"कोन?" गल्ली म्हणाली, आणि पुन्हा बघू लागली.

तीन दिवस असे काढल्यावर चौथ्या दिवशी, सातला पाच कमी असताना, निकाल जाहीर झाला. "कूळ बापाचं लागतं. आयचं कुनी इचारतं व्हय? बाप ग्रीक, म्हंजी टीव्ही ग्रीक. घे रं रामहरी आत."

(या निकालाने आईच्या कुळाला काडीची किंमत उरली नाही, हे चाळीस वर्षं भावकी चालवणाऱ्या आईच्या ध्यानात आलं नाही. भावकीच्या आलं; पण बोलणार कोण?)

टीव्ही जागेवर बसला. मोनिका शेजारी येऊन बसली. "आजी, गोरखचा बाप आपल्यातलाच आहे."

लंकाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"निकाल म्या दिलाय," त्या म्हणाल्या. "माझाच हाय म्हनून पाळते, तुझ्या तोंडाला भिऊन न्हाई. उद्या ये म्हनावं त्याला. आन् सातच्या आत."

लग्न वैशाखात झालं.

तुम्ही हसलात, हे योग्यच झालं. तुम्ही शिकलेले, जातपात मानत नाही (घरचे मानतात, त्यांचं मन मोडवत नाही एवढंच). मुलीसाठी तुम्ही एक सुबक पान टाईप करून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं आहे. त्याला बायोडाटा म्हणतात. बायो म्हणजे जीवन, ग्रीक. डाटा म्हणजे दिलेलं, लॅटिन. त्यावर 'फक्त स्वजातीय' ही ओळ ठळक अक्षरांत फार शोभून दिसते.