चर्चचा हॉल आणि हौसरावचं तिकीट

हौसरावने चर्चचा हॉल मागताना अर्जात 'आरोग्य शिबिर' एवढंच लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं. कसलं शिबिर, ते फक्त लिहिलं नव्हतं.

२००६ साल. दौंडच्या नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाचे पुढारी, न्हावऱ्याचे आण्णा, यांनी त्याला बंगल्यावर बोलावून सांगितलं होतं, "दोन कामं कर. सरकारी कुटुंब नियोजनाचं शिबिर जोरात झालं पायजे. आन् रेल्वे कॉलनीतली ख्रिश्चन मतं आपल्याकडं आली पायजेत. तिकीट तुझं. पण लेकरं दोनच ना तुला? तिसरं झालं की कायद्यानं फॉर्म उडतो, निवडून आला तरी पद जातं. वॉर्डातले चार जण त्यातच गेले."

"दोनच, आण्णा. दोन पोरी."

"मग तुझ्याशिवाय हाय कोण?"

हौसरावने दोन्ही कामं एकात बसवली. शिबिर चर्चच्या हॉलमध्येच घ्यायचं! आपण केवढे हुशार, या आनंदात तो दोन दिवस नीट जेवलासुद्धा नाही.

शनिवारी पेंटरने चर्चच्या गेटवर बॅनर बांधला. 'दोन मुलं पुरे! बिनटाक्याची शस्त्रक्रिया. उद्घाटक : आण्णासाहेब.' अर्ध्या तासात फादर रेमंड यांचा फोन आला. फादर मूळचे वसईचे. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की त्यांच्यासमोर हौसरावला गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं.

"हौसराव, हे काय आहे?"

"आरोग्य शिबिर, फादर."

"ही शस्त्रक्रिया आमच्या शिकवणीत बसत नाही. सरकारी दवाखान्यात जरूर करा, मी आडवा येणार नाही. पण या छताखाली नाही."

"फादर, शिकवण तुमच्या लोकांसाठी. आमच्या बाया येनार हायेत."

"छप्पर तर आमचंच आहे ना?"

हौसरावने शेवटचा पत्ता टाकला. "आण्णा कंपाउंडची भिंत बांधून देतील. तुम्ही फक्त रविवारी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या."

"प्रार्थनेत सगळ्या पुढाऱ्यांसाठी सद्बुद्धी मागतोच आम्ही. त्यात आण्णाही आले." फादर हसले. "डोळ्यांची तपासणी ठेवा. डॉक्टर मी बोलावतो. हॉल तुमचा."

हे सांगायला हौसराव बाईकला किक मारून थेट न्हावऱ्याला. पण बंगल्यावर आण्णा भाषण पाठ करत बसलेले. "फादर-बिदर काय म्हनला तर मला सांग. सरकारच्या वर हाय का त्यो? पेपरवाले बोलावलेत मी. शिबिर तिथंच होनार!"

"समदं जुळलंय, आण्णा," हौसराव म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

रविवारभर त्याच्या बुडाखाली बाईक थंड झाली नाही. ऑपरेशनच्या बायांना सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. बॅनर उलटा करून मागच्या बाजूवर 'नेत्र तपासणी' रंगवून घेतलं. मग आठवलं, डोळ्यांच्या शिबिराला डोळेवाले लागतात! गल्लोगल्ली फिरून त्याने म्हातारीकोतारी गोळा केली. तरी खुर्च्या उरत होत्या, म्हणून घरी येऊन आईलाही सांगितलं, "उद्या चल."

"मला दिसतंय की," पुतळाबाई म्हणाल्या.

"न्हाई दिसत. चल."

सोमवारी दहा वाजता हॉल गच्च. सगळ्यात लहान माणूस पासष्ट वर्षांचा. डॉक्टरांनी सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकलेले, त्यामुळे कुणाला धड काही दिसत नव्हतं. पुतळाबाईंबरोबर सून सविता, म्हणजे हौसरावची बायको, आली होती, पण औषधाच्या वासाने तिला मळमळलं आणि डॉक्टरांबरोबरची एक सिस्टर तिला तपासायला आतल्या खोलीत घेऊन गेली; पुतळाबाईही मागोमाग गेल्या. हौसरावचं तिकडे लक्षच नव्हतं. आण्णांची जीप आली होती.

आण्णांनी बॅनर वाचला नाही. त्यांना भाषण विसरायची भीती होती. माईक हातात आला आणि ते सुटले.

"बंधू-भगिनींनो! आजपासून शपथ घ्या, दोनच्या वर न्हाई! घरी गेल्यावर नवरा-बायकोनं बसून इचार करा!"

पुढच्या रांगेतले ऐंशी वर्षांचे हरिबा उठले. "आण्णा, इचार करतो की. पण बायको जाऊन बारा वर्सं झाली, कुनासंगं बसू?"

हॉल हसून फुटला. पेपरवाले लिहायला लागले. फादरांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. आण्णांनी हौसरावकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं आपल्याही डोळ्यांत थेंब असते तर बरं झालं असतं.

"पन आमचा कार्यकर्ता बघा!" आण्णांनी भाषण सावरलं. "हा हौसराव! दोनच पोरी. आदर्श कुटुंब! ह्यालाच आपन तिकीट—"

तेवढ्यात आतल्या खोलीतून पुतळाबाई भिंत चाचपडत आल्या. समोर आण्णा, पेपरवाले, काही दिसत नव्हतं त्यांना. माईक लागतो कशाला, आवाज खणखणीत.

"हौश्या! कुठं हायेस रं? अरं, सविताला दिस गेल्यात! सिस्टरनं सांगितलं! साखर आन पयली!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषणाला वाजल्या नव्हत्या तेवढ्या.

आण्णांनी माईक झाकला आणि हौसरावच्या कानाशी लागले. "हॉलच्या भाईर अजून कुनाला म्हाईत न्हाई. लवकर कळलंय. दवाखाना हाय, उपाय हाय. इचार कर."

हौसरावने दाराकडे पाहिलं. सविता तिथे उभी होती. तिला ऐकू गेलं नसावं, पण आण्णांचं तोंड कुणाच्या कानाशी होतं ते दिसत होतं. ती पदर तोंडाशी धरून नुसती बघत राहिली.

"आण्णा," तो म्हणाला, "आईला दिसंना झालंय. पन आवाज शाबूत हाय. सगळ्या हॉलनं ऐकलंय, पेपरवाल्यांनी बी. उपाय नगं."

जीप गेली. तिकीटही तिच्यातच बसून गेलं. हौसराव पायरीवर बसला, उठला, परत बसला. फादर शेजारी येऊन बसले.

"वाईट वाटतंय?"

"व्हय. आन् न्हाई बी. फादर, कसलं शिबिर ते मी लिवलं न्हाई, चुकलं."

"पुढच्या वेळी लिहा." फादरांनी खिशातून हॉलची चावी काढली. "बारशाला लागेल तुम्हाला. आमच्याकडे तिसऱ्यानं फॉर्म उडत नाही."