देवमाशाच्या दुर्बिणीचा तपास

भुजंगराव स्वतःबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्यानं आधी बूड टेकायला जागा शोधावी, कारण ते काम लवकर आटपत नसे. "जालना जिल्ह्यात गुन्हेगार हायेत, पण गुन्हे का दिसत न्हाईत? कारण मी हाये!" अशी सुरुवात व्हायची. आपलं नाक पोलिसी कुत्र्याचं, नजर घारीची आणि कान सशाचे, हे ते शपथेवर सांगत. डोकं कुणाचं, ते मात्र कधी सांगितलं नाही. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीबाहेर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि त्यावर पाटी होती : 'भुजंग गुप्तहेर. सर्व प्रकारचे तपास गुप्तपणे केले जातील. सायकलीत हवा भरून मिळेल.' आजवर किती तपास लागले, हे खरोखरच गुप्त होतं. हवा मात्र रोज भरली जायची, आणि ती कचरू भरायचा.

कचरू हा त्यांचा साहाय्यक. पंक्चर काढायचं, चहा सांगायचा आणि भुजंगरावांनी अंदाज बांधला की "वा दादा!" म्हणायचं, ही त्याची कामं. अंदाज खोटा ठरला तरी "वा"ची काटछाट नसे. बिचारा सरळ माणूस. त्याची एकच अडचण होती आणि तिचं नाव उषाबाई.

लग्नात कचरूनं बायकोला शब्द दिला होता, तुला समुद्र दाखवीन. उषाबाईनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शहागडच्या पुलावरून दिसणारी गोदावरी, तीही उन्हाळ्यात अर्धी वाळूच. दर वर्षी जायचं ठरे आणि दर वर्षी ऐन वेळी भुजंगरावांकडे तपास येई. एकदा शेळी हरवली. चार गावं पालथी घातली, तेव्हा शेळी मालकाच्याच गोठ्यात सापडली. एकदा कुणाची तरी सायकल गेली. ती दुकानात पंक्चर काढायला आलेली होती. यंदा उषाबाईनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "आवं, यंदा नेलं तर नेलं. न्हाईतर मी एकलीच जाते बघा, आन् तुमी बसा हवा भरत."

यंदा मात्र योग जुळून आला होता. कारखान्यातून रिटायर झालेले काकासाहेब कोकणात नावेतून देवमासा बघायची सहल काढत होते आणि तिच्या आठ जणांत कचरू-उषाबाईही होते. काकासाहेब शिस्तीचे. एस.टी.डी. बूथवर बसून त्यांनी कोकणातल्या नाववाल्यांना फोन लावले. एक म्हणाला, हमखास दाखवतो. दुसरा म्हणाला, इतका जवळ नेतो की पाठीवरून हात फिरवा. काकासाहेबांनी दोघांचेही फोन आपटले. तिसरा म्हणाला, "दिसेल की नाही ते सांगू शकत नाही. दिसला तर लांबच थांबणार, इंजिन बंद करणार, त्याच्या मागे लागणार नाही. गलका केलात तर परत फिरवीन." काकासाहेब खूश! "ह्यो माझा माणूस," म्हणून त्यांनी तिथल्या तिथं नाव ठरवली.

मग सुरू झाली तालीम. काकासाहेबांच्या अंगणात दोन बाजा एकमेकींना बांधून नाव तयार झाली. सगळ्यांनी तिच्यावर गप्प बसायचं. मराठवाड्यातल्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे उन्हाळ्यात म्हशीला डबक्याबाहेर काढणं. सहलीतले सर्जेराव तर बाजेवर बसल्या बसल्या विचारायचे, "काकासाहेब, पाण्यात नारळ तर सोडावाच लागंल ना? गोदामाईला सोडतो तसा?"

"न्हाई!"

"मंग निदान रुपाया?"

"अरे, तो मासा हाये, टोल नाका न्हाई! आपुन त्याच्या घरी चाललो. पाण्यात काय बी टाकायचं न्हाई, बिलकुल न्हाई."

इतकं लांबून बघायचं तर दुर्बीण हवी. काकासाहेबांनी जुन्या जालन्यात चांदपाशाच्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक हुडकून आणली. दणकट, काळी, जडशीळ. आठ जणांत एक. तिला काकासाहेब नातवासारखं जपत.

आणि खंडेनवमीच्या दुपारी, सहलीला दोनच दिवस राहिले असताना, ती नाहीशी झाली.

काकासाहेब घामाघूम होऊन दुकानात आले. "भुजंगा, खुंटीवरची दुर्बीण गायब हाये. दुर्बीण न्हाई तर सहल न्हाई. लांबून दिसंना की तुमी समदे बोंबलणार, नाव जवळ घ्या, अजून जवळ घ्या. ते पाप मी करायचो न्हाई. सापडली न्हाई तर दसऱ्याच्या संध्याकाळी फोन करून नाव रद्द करतो."

कचरूच्या हातातला पंप खाली पडला. त्याच्या डोळ्यांपुढे दुर्बीण आली नाही, उषाबाई आली.

भुजंगराव मात्र फुलले. "काकासाहेब, पहिली गोष्ट, गुप्तता. ह्या क्षणापासून 'दुर्बीण' हा शब्द कुणाच्या तोंडातून निघायचा न्हाई. 'ती वस्तू' म्हणायचं. घरच्या बाईमाणसाला तर बिलकुल सांगायचं न्हाई. बातमी फुटली की चोर सावध होतो. कचरू, तुझ्या बायकोला बी न्हाई. घे शपथ!"

"वा दादा!" कचरू म्हणाला आणि त्यानं पंपावर हात ठेवून शपथ घेतली.

काकासाहेबांच्या घरात खंडेनवमीची पूजा झालेली होती. त्यांच्या कारभारणीनं, साळूबाईनं, पाटावर घरातली झाडून सगळी अवजारं मांडली होती : विळा, कोयता, खुरपं, अडकित्ता, काकासाहेबांचा पान्हा. त्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचा हा ढीग! खालचं काही दिसू नये इतका. काकासाहेब पूजेच्या वाटेला कधी जात नसत, कडकण्या खायला तेवढे येत. भुजंगरावांनी मात्र भक्तिभावानं हात जोडले, खिशातून आपलं मोठं भिंग काढलं आणि फुलांच्या ढिगावर ठेवलं. "हे माझं शस्त्र. ह्याची बी पूजा व्हायला पाहिजे."

"पण दादा, मंग तपास?" कचरूनं विचारलं.

"आता दसऱ्यापर्यंत शस्त्र उचलता येत न्हाई. मी नुसत्या नजरंनं तपास करीन."

साळूबाई चहा घेऊन आल्या. "भाऊजी, काय शोधून राह्यले?"

"ते सांगता येत न्हाई, वहिनी."

"सांगा की. घर माझं हाये, मला ठाऊक असंल."

"वहिनी, तपासात अडथळा आणू नका!" भुजंगराव कडक आवाजात म्हणाले. साळूबाईंनी खांदे उडवले आणि त्या आत गेल्या. उंदीर शोधत असतील, असं त्यांना वाटलं.

खुंटीवरचे ठसे घ्यायचे म्हणून भुजंगरावांनी भिंतीवर ज्वारीचं पीठ फासलं. पीठ खाली सांडलं. तेवढ्यात अंगणातल्या कोंबड्या आत शिरल्या आणि त्यांनी टिपून टिपून सगळं साफ केलं. "बघितलंस?" भुजंगराव कचरूच्या कानात म्हणाले. "पुरावा खाल्ला. ह्या कोंबड्या कुणीतरी पाठवल्यात."

"काकासाहेबांच्याच हायेत, दादा."

"म्हणजे घरभेदी!"

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पहिला आरोपी पकडला. गयासोद्दीन, ज्याची ट्रॅक्स सहलीला जाणार होती. तो गाडी धुऊन तिला हार घालत होता.

"गयासभाई, ती वस्तू कुठं हाये?"

"कौनसी वस्तू?"

"ते तुला ठाऊक हाये."

"अरे भुजंगभाऊ, वस्तूचं नाव तरी सांगा! आन् सहल बुडाली तर माझं भाडं बुडतं. मी कायले काय चोरीन?"

"बराबर!" भुजंगराव कचरूकडे वळले. "ज्याचं नुकसान होतं त्याच्यावर कुणी संशय घेत न्हाई. हाच तर डाव हाये." गयासोद्दीननं पाण्याची उरलेली बादली दोघांच्या पायांवर ओतली आणि चौकशी संपली.

दुसरे सर्जेराव. नारळ सोडू देत नाहीत म्हणून ते चिडले होते, हे कारण तसं बरं होतं. भुजंगराव त्यांच्यावर पाळत ठेवायला ज्वारीच्या पिकात शिरले. अंगात काळा कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर लाल टोपी. अर्ध्या गावानं बांधावरून ओरडून विचारलं, "भुजंगराव, पाळत ठेवून राह्यले काय?" सर्जेरावांनी त्यांना आणि मागून आलेल्या कचरूला हाक मारून घरी नेलं, सोनं म्हणून आपट्याची पानं दिली, जेवायला वाढलं. जेवण चांगलं झालं म्हणून भुजंगरावांनी त्यांना सोडून दिलं.

मग आंतरराष्ट्रीय टोळीचा संशय आला. देवमाशांची शिकार करणाऱ्यांना अंकुशनगरच्या आठ माणसांची धास्ती वाटली असणार, असा भुजंगरावांचा कयास होता. पण टोळीला कुठं गाठायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो तपास तहकूब झाला.

दुपार उतरली. काकासाहेब एस.टी.डी. बूथकडे जायला चपला शोधत होते. रस्त्यानं भुजंगरावांमागून चाललेल्या कचरूला ते दिसलं. तेवढ्यात भुजंगराव थबकले, वळले आणि त्यांनी कचरूकडेच बोट दाखवलं.

"तू!"

"मी?"

"प्रत्येक ठिकाणी तू हजर होतास. काकासाहेबांच्या घरी तू, गयासकडं तू. सर्जेरावकडं जेवायला बी तू!"

"दादा, तुमीच नेलं मला!"

"चोर आसंच म्हणतो. सहल मोडावी, आन् बायकोसंगं जायचा खर्चा वाचावा, हा तुझा बेत!"

आजवर कचरूनं सगळं सहन केलं होतं. पण हे त्याला लागलं, फार लागलं. ज्या एका गोष्टीसाठी तो दोन दिवस जीव मुठीत धरून होता, ती मोडल्याचा आळ त्याच्यावरच? त्याच्या तोंडून "वा" निघालंच नाही. तो तसाच तडक घरी गेला आणि उंबऱ्यावर बसला.

उषाबाई पिशवी भरत होती. नवं लुगडं, चटणीची डबी, नदी सोडून काहीच न पाहिलेल्या बाईला वाटेल ते सगळं तिनं घेतलं होतं. "काय झालं? तोंड का असं?"

"उषे, मी शपथ घेतल्ती, पण आता मोडतो," कचरू म्हणाला. "दुर्बीण हरवली. सहल रद्द होऊन राह्यली. आन् चोर मी हाये म्हणत्यात."

उषाबाईनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "साळूकाकूला विचारलं का?"

"तिला सांगायचंच न्हाई, आसं ठरल्तं."

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि ती निघालीच. कचरू मागून धावत. काकासाहेबांच्या दारात पाऊल ठेवता ठेवताच तिनं हाक मारली, "ओ काकू, काकासाहेबांची दुर्बीण कुठं हाये?"

"कुठं म्हंजे? पूजंत!" साळूबाई आतून म्हणाल्या. "घरातली समदी हत्यारं पुजली, मंग तिलाच का वगळायची? तिच्याच भरवशावर तर येवड्या लांब चाललो आपुन." त्यांनी पुढं होऊन झेंडूचा ढीग बाजूला सारला, वरचं भिंग उचललं, आणि विळ्या-कोयत्याच्या मध्ये दोन्ही डोळ्यांना कुंकू लावलेली दुर्बीण दिसली.

चपला घातलेले काकासाहेब दारातच थिजले. "आगं, मला सांगायचं तरी!"

"मला कुणी काय विचारलं? मी भाऊजींना दोनदा म्हणलं, सांगा. तर म्हणे अडथळा."

भुजंगराव धापा टाकत पोहोचले. त्यांनी दुर्बीण पाहिली, भिंग पाहिलं, क्षणभर डोळे मिटले. "बराबर. मला पहिल्या दिवशीच संशय आल्ता. म्हणून तर मी भिंग नेमकं तिच्यावरच ठेवल्तं, खूण म्हणून." मग कचरूकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तू कायले चोरशील रं. ते आपलं तपासाच्या भरात निघून गेलं."

"असू द्या, दादा," कचरू म्हणाला. आज त्याला कुणाचाही राग धरायचा नव्हता.

ठरल्या दिवशी ट्रॅक्स निघाली आणि ठरल्या दिवशी नाव पाण्यात गेली. उषाबाईनं पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तिनं कचरूचं मनगट घट्ट धरलं. नाववाल्यानं बरंच आत गेल्यावर इंजिन बंद केलं. बाजेवरची तालीम कामाला आली, आठही जण गप्प. सर्जेरावांचा हात पिशवीतल्या नारळाकडे गेला. साळूबाईंनी पिशवीच मांडीखाली घेतली. बराच वेळ काहीच घडलं नाही. पाणी, ऊन आणि गयासोद्दीनचं मळमळणं, बस्स.

मग लांबवर, फार लांबवर, पाण्यातून फवारा उडाला. त्याच्यामागे काळी पाठ वर आली, संथपणे, जणू तिला दुसरं काही कामच नाही.

भुजंगराव काळ्या कोटासकट ताडकन उठले. "जवळ घ्या! निसटून चाललाय! मागं लागा त्याच्या!"

नाव हलली. नाववाल्यानं मागं वळून बघितलं आणि त्याचा हात परत फिरायला इंजिनाकडे गेला. तेवढ्यात उषाबाईनं भुजंगरावांच्या कोटाचं टोक धरून त्यांना जोरात खाली बसवलं.

"गप बसा, भाऊजी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आजपातूर तुमी ज्याच्या ज्याच्या मागं लागले, त्यातला एक तरी घावला का?"

भुजंगरावांनी कोट सावरला आणि ते मांडी घालून बसून राहिले. नाववाल्यानं इंजिनावरचा हात काढून घेतला.

पाठ पुन्हा वर आली. काकासाहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि सगळ्यात आधी उषाबाईच्या हातात दिली. ती बघत राहिली, किती तरी वेळ बघत राहिली. गालावरून पाणी ओघळलं तरी तिनं दुर्बीण खाली घेतली नाही. फवारा आणखी एकदा उडाला, पाठ पाण्यात गेली आणि समुद्र पुन्हा सपाट झाला.

"दिसला का गं?" कचरूनं कुजबुजून विचारलं.

"दिसला," उषाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आपल्या वाटंनं सावकाश चालला व्हता. आन् आपुन आल्तो, हे त्याला कळलं बी न्हाई."