एकशे बारा वेळा

मुलाकडच्यांनी उतावीळपणा दाखवायचा नसतो, असं जानरावांचं ठाम मत होतं. म्हणून मूर्तिजापूरहून अमरावतीला मुलगी पाहायला आल्यावर, गोवर्धनरावांच्या बैठकीत टेकताच त्यांनी सांगून टाकलं, "आमी तं पोरीचा फोटोबी धड पाह्यला नाई. किशोरले लय स्थळं येऊन राहिले."

शेजारी बसलेला त्यांचा मुलगा किशोर कसनुसा झाला. त्याला मुलगी मनापासून आवडली होती. जानरावांना तर त्याच्याहून जास्त. समाजाच्या वधूवर वेबसाइटवर ते रोज तिचं पान उघडत आणि कोणाला पत्ता लागू नये म्हणून दर वेळी मोबाइलमधल्या पाहिल्याच्या सगळ्या खुणा पुसून काढत. सोबत आलेल्या मैनाबाईंनाही नवऱ्याचा संशय आला नव्हता.

"आमालेबी घाई नाई," गोवर्धनराव म्हणाले.

चहा घेऊन आलेली प्रणाली तीच वेबसाइट सांभाळायची. किशोरनं कामाचं विचारताच ती खुलली. "सध्या एक गंमत चालू आहे. माझं पान एकाच मोबाइलवरून एकशे बारा वेळा उघडलं. तो माणूस दर वेळी सगळं पुसते, त्याले वाटते आपण नवेच झालो. पण मोबाइल त्याच्या लक्षणांवरून ओळखू येते नं. अक्षरं असतील तेवढी मोठी, अन् घड्याळ वीस मिनिटं पुढं."

"कोन मवाली हाय तो?" गोवर्धनराव कडाडले. "सापडला तं सोडत नाई."

जानरावांनी कप घाईनं खाली ठेवला. विषय बदलावा म्हणून त्यांनी मोबाइल काढला. "चला, चार वाजले. गाडी हुकते मंग."

गाडी हुकू नये म्हणूनच ते घड्याळ पुढे ठेवत. भिंतीवर तीन चाळीस झाले होते. सगळ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग जानरावांच्या हातातल्या हरभऱ्याएवढ्या अक्षरांकडे.

"पोरगा वापरते का हा मोबाइल?" गोवर्धनरावांनी किशोरकडे डोळे वटारले.

हो म्हटलं तर जानरावांची अब्रू वाचत होती आणि सोयरीक जात होती. त्यांनी मान खाली घातली. "पोराचा दोष नाई. मीच पाह्यतो. जेवन झालं की पाह्यतो. अशी सून घरात यावी वाटते, दुसरं काई नाई."

मैनाबाईंनी कपाळाला हात लावला.

"मोठ्या मानसानं असं लपूनछपून पाहावं?" गोवर्धनराव पेटलेच.

"बाबा," प्रणाली शांतपणे म्हणाली, "किशोर यांचं पानही एका मोबाइलवरून दोनशे सहा वेळा उघडलं. त्या मोबाइलची भाषा चुकून तामिळ झाली, अन् ते घरात कोणाले सांगायची सोय नाही, मोबाइल हाती द्यावा लागते नं."

गोवर्धनरावांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला.

"तामिळमंदी सापडते कसं?" जानरावांनी आदरानं विचारलं.

"फोटोले काय भाषा लागते," गोवर्धनराव म्हणाले. "तारीख काढा आता."