शेपटीवाल्या बाई

लग्नपत्रिका हातात आली की आमच्या शेजारच्या वत्सलाबाई मुहूर्त बघत नाहीत, जेवणाची वेळ बघत नाहीत. एकच विचारतात, "पोरीच्या सासरी स्टेशन आहे का?" आहे म्हटलं तर पत्रिका देवापाशी जाते. नाही म्हटलं तर बाईंचा चेहरा असा पडतो, जणू पोरीला सगळ्यांनी मिळून विहिरीत ढकललंय. "बघा बाई," म्हणतात, "तुमचं तुम्ही."

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान कधीच गेले, मुलगा पुण्याला. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. एरवी त्या मला सुधाकर म्हणतात. 'सुधाकरराव' अशी हाक आली की समजायचं, रेल्वेचं काम निघालं.

रेल्वे म्हणजे ही समोरची मोठी लाइन नव्हे. पुढच्या एका जंक्शनवरून चिंचसावंगी गावापर्यंत पूर्वी एक फाटा जायचा. छोटं इंजिन, दोन-चार डबे. लोक त्या गाडीला शेपटी म्हणत. काही वर्षांपूर्वी शेपटी बंद झाली. प्रवासी नाहीत, परवडत नाही, असं वरून कळलं. वाटेवरच्या लोकांनी मोटरसायकली घेतल्या आणि विसरून गेले. बाई विसरल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, सरकारला झेपत नसेल तर शेपटी गावांच्या ताब्यात द्या, गावं चालवतील.

"बाई, रेल्वे म्हणजे काय पापड आहेत का?" मी एकदा विचारलं.

"पापड करून बघितलेत का कधी? लई अवघड असतात. ते बचत गट करतोच की."

"पण एवढा मोठा कारभार..."

"रूळ हायेत ना? मग अडलंय कुठं?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यापुढे वाद संपतो.

त्यांची योजना तपशीलवार होती. डबा एकच. जास्त डबे कशाला, एवढी माणसं गावात एका वेळी एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. फाटक सांभाळायला ज्याचं शेत रुळाला लागून आहे तोच माणूस, कारण त्याची बैलं पलीकडं जात असतात. तिकीट पिठाच्या गिरणीत, दळण होईस्तोवर मिळतं. शेळ्यांना जागा मागं. "शेळ्या पुढं का नको?" असं मी विचारलं, तर बाईंनी माझ्याकडं, नापास मुलाकडं बघतात तसं बघितलं. "पुढं बसणाऱ्याला वाटतं आपणच गाडी चालवतो," म्हणाल्या. "शेळीच्या डोक्यात हवा जायला नको."

बाईंनी मोबाइलवर 'शेपटी वाचवा' नावाचा ग्रुप काढला. पहिल्या आठवड्यात त्यात दोन पशुवैद्यक आणि एक प्राणिमित्र येऊन गेले. तिघांनाही बाईंनी शाखा लाइनीचं महत्त्व पटवून दिलं. प्राणिमित्र अजून ग्रुपवर आहे.

बैठका कायम बाईंच्या ओसरीवर. चिंचसावंगीचे लोक म्हणायचे, "बाई, एकदा आमच्याकडं या ना, बंद स्टेशनातच बसू." बाई म्हणायच्या, "तुम्हीच या. इथं स्टेशन चालू आहे." लोक यायचे, पोहे खायचे, माना डोलवायचे. त्यात एक रशीदभाई होते, चिंचसावंगीचे गिरणीवाले. तिकिटाची कल्पना ऐकल्यापासून ते बाईंचे कट्टर अनुयायी. "बाई बोलतात ते बराबर हाय," म्हणायचे, "गिरणीपर्यंत तर हरेक माणूस येतोच."

शेवटी बाई मला घेऊन रेल्वेच्या साहेबाला भेटायला गेल्या. अर्थात रेल्वेनं. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, रेल्वे चालवणं म्हणजे खेळ नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही डाव सोडून उठलात. म्हणून म्हणते, आम्हाला द्या."

साहेब खरोखर हसला. पण पावसाळा संपल्यावर शेपटीचे रूळ उचलले गेले. रशीदभाईंनी फोटो पाठवला. नुसती खडी, तिच्यावर उभी एक म्हैस. बाईंनी फोटो बराच वेळ बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नंतर कित्येक दिवस मला सुधाकरही नाही आणि सुधाकररावही नाही. त्यांचं नेहमीचं वाक्यच संपलं होतं. रूळ नव्हते.

दिवाळीनंतर रशीदभाई एक सेकंडहँड मिनीबस घेऊन दारात हजर. वाटेवरच्या गावांनी मिळून घेतलेली, चिंचसावंगी ते मुकुंदवाडी. वेळा बाईंच्या, थांबे बाईंचे, तिकीट गिरणीत. चालवणार स्वतः रशीदभाई, गिरणी बायकोकडं. बसच्या मागं रंगवलं होतं 'शेपटी'.

"बाई, तुमचीच गाडी हाय. पहिल्या फेरीला तुम्ही पाहिजेत."

बाईंनी नारळ फोडला, रशीदभाईंना ओवाळलं, आणि म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतोय." पुढच्या वेळी पाहुणे येणार होते. त्याच्या पुढच्या वेळी वाळवण होतं, तेही हिवाळ्यात. शेपटी भरभरून जायला लागली, पण तिच्या मालकीणबाईंनी तिच्यात पाऊल टाकलं नाही. गावात कुजबूज सुरू झाली. बाईंना बस म्हणजे कमीपणा वाटतो, असं काही जण बोलले. रशीदभाईंना ते लागलं होतं.

मी जाऊन बाईंना स्पष्ट विचारलं. त्या गहू निवडत होत्या. ताटातून नजर न काढता म्हणाल्या, "मला मोटार लागते, सुधाकर."

"म्हणजे?"

"म्हणजे उलट्या होतात. लहानपणापासून. रिक्षासुद्धा गुलमंडीच्या बाजारापर्यंतच झेपते. रेल्वेत काही होत नाही. चिंचसावंगीला जुबेदा आहे. आम्ही एकाच शाळेत शिकवायला होतो, ती उर्दूच्या वर्गाला, मी मराठीच्या. शेपटी होती तेव्हा मी दर गुरुवारी जायची. तिला आता फोनवर ऐकू येत नाही. मधी एकदा एसटीनं निघाले होते. अर्ध्यातून परत आले. येताना पण मोटारच."

एवढं बोलून त्यांनी एक खडा शोधून बाहेर टाकला. मला हसू आलं नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि बाईंना घेऊन शेपटीत बसलो. बाईंबरोबर लिंबं, आवळासुपारी आणि पिशव्यांची चळत. चिकलठाण्यापर्यंत त्या डोळे मिटून बसल्या. पुढं पहिल्यांदा गाडी थांबवावी लागली, मग थांबतच गेली. रशीदभाई इंजिन बंद करायचे. एक आजी उतरून बाईंची पाठ चोळायची. कुणी पाणी द्यायचं, कुणी वाटेतल्या बांधावरून कडुलिंबाचा पाला आणायचं. कामाची घाई सगळ्यांना होती, पण कुणी घड्याळ बघितलं नाही. बाई मात्र शरमेनं अर्ध्या झाल्या होत्या. प्रत्येक वेळी पदरानं तोंड पुसून म्हणायच्या, "चला, उशीर होतोय," आणि आपल्या पायांनी परत चढायच्या.

चिंचसावंगीत जुबेदाबाई दारात बाजेवर बसलेल्या होत्या. हातात तांदूळ पाखडायचं सूप. बाईंकडं बघून त्या उठल्या नाहीत, गुडघ्यांनी उठताच येत नसावं. सूप तेवढं बाजूला ठेवलं.

"क्या गे वत्सला," म्हणाल्या, "इत्ते बरस कहाँ थी?"

बैठकांमध्ये तासतासभर बोलणाऱ्या, साहेबाला गप्प करणाऱ्या बाई पांढऱ्याफटक पडून अंगणात उभ्या होत्या. ओठ हलले, पण मलाही ऐकू आलं नाही.

"क्या?" जुबेदाबाईंनी कानामागं हात धरला.

बाई पुढं गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "येतच होते गं!"

"मग बस की," जुबेदाबाई म्हणाल्या आणि बाजेवर थोड्या सरकल्या.